पाटा तुटला, बिल कोणाचं?

आज आपल्या अमरावती-अकोला रस्त्याचा इतिहास सांगतो, पण ट्रकच्या खालून.

भरलेला ट्रक खड्ड्यात आदळला की पहिला मार पाट्यांना. सेंटर बोल्ट तुटला की एक्सल सरकतो, मग टायर घासून झिजतात. बिघाड एक, खर्च तीन: पाटा, टायर अन् बुडालेली खेप. सगळं ट्रकवाल्याच्या खिशातून.

जून 2022 मध्ये लोणी ते माना एका लेनचं 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत झालं. गिनीज विक्रम! ती मिनिटं मोजली गेली. पण त्याआधी रखडलेल्या कामाच्या वर्षांत तुटलेले पाटे कोणी मोजले? माझ्या मते, तो हिशोब गॅरेजच्या बिलांत आहे. घरात जुनं बिल असेल तर रद्दीत टाकू नका.