शिळेवरचा उपहास

आमच्या देवघरात आजोबांच्या वेळची एक शिळाछापी पोथी होती. हाताने लिहिल्यासारखी तिची वळणदार अक्षरे पाहत मी वाढलो. त्यामुळे शिळाप्रेस म्हटला की मला धर्मकार्यच आठवे. याच दगडाने पॅरिसमध्ये एका राजाची झोप उडवली होती, हे पुष्कळ उशिरा कळले.

म्युनिकच्या आलोइस झेनेफेल्डरने अठराव्या शतकाच्या अखेरीस ही युक्ती शोधली. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचे, दगड ओला करायचा आणि शाईचा रूळ फिरवायचा. ओला भाग शाई घेत नाही. तेलकट रेघ तेवढी घेते. मध्ये खोदकाम करणारा कारागीर नको. चित्रकाराचा राग जसाच्या तसा कागदावर उतरतो, आणि तोही घटना ताजी असताना.

शार्ल फिलिपोंने हे हेरले व १८३० साली ‘ला कारिकात्यूर’ हे पत्र काढले. १८३१ च्या डिसेंबरात त्याच्या गोटातल्या ओनोरे दोमिये या तेवीस वर्षांच्या चित्रकाराने राजा लुई फिलिपला गार्गांत्युआ राक्षस करून बसवले. गरिबांचा पैसा टोपल्यांनी त्याच्या तोंडात जातो आहे आणि आसनाखालून मानाच्या सनदा गळताहेत! शिक्षा झाली सहा महिने कैद व ५०० फ्रँक दंड.

तरी तो नरमला नाही. एप्रिल १८३४ च्या दंगलीत, घरातून गोळी सुटली म्हणून, सैनिकांनी त्रांस्नोनँ रस्त्यावरच्या १२ क्रमांकाच्या घरात शिरून रहिवाशांची कत्तल केली. दोमियेने या प्रसंगावर शिळाचित्र केले. त्यात ना राजा आहे, ना सैनिक, ना विनोद. पलंगापाशी रात्रीच्या सदऱ्यात पडलेला एक माणूस आणि त्याच्या देहाखाली चिरडलेले मूल. पोलिसांनी ती शिळाच जप्त केली.

१८३५ च्या सप्टेंबरात कायदा झाला: लेखाला पूर्वपरवानगी नको, चित्राला मात्र हवी. शब्द म्हणजे मत, चित्र म्हणजे कृती, असा सरकारपक्षाचा युक्तिवाद होता. मला त्यात भीतीची कबुलीच दिसते. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही चित्र कळते.

दोमिये मग वकील, न्यायाधीश, घरमालक यांच्याकडे वळला. आयुष्यात त्याने सुमारे ४००० शिळाचित्रे केली. त्या जप्त शिळेवरून निघालेले काही कागद मात्र वाचले. पोथी हाती घेतली की आता मला तो सदऱ्यातला माणूसही आठवतो.