स्वतंत्र प्रदर्शनकाराचा उदय : हाराल्ड झेमान आणि ‘बौद्धिक पाहुणेमजुरी’

एखाद्या व्यवसायाचा इतिहास पाहताना त्या व्यवसायाने स्वतःस कोणते नाव दिले, हे प्रथम पाहणे पुष्कळदा उपकारक ठरते. समकालीन कलेची प्रदर्शने स्वतंत्रपणे, म्हणजे कोणत्याही वस्तुसंग्रहालयाच्या नोकरीत न राहता, रचणाऱ्या व्यक्तीस आज सर्वत्र ‘क्युरेटर’ असे म्हणतात. हा शब्द मूळ लॅटिन ‘कूरारे’, म्हणजे काळजी वाहणे, या धातूपासून सिद्ध झाला. रोमन राज्यव्यवस्थेत ‘कूरातोर’ हा जलवाहिन्यांची देखरेख करणारा अधिकारी असे. रोमन कायद्यात तो पंचवीस वर्षांखालील तरुणांच्या व वेड्यांच्या मालमत्तेचा पालक असे. लंडनच्या रॉयल सोसायटीने १६६२ साली रॉबर्ट हूक यांना प्रयोगांचे ‘क्युरेटर’ नेमले, तेव्हाही व्यवस्था व जबाबदारी हाच अर्थ अभिप्रेत होता. पुढे संग्रहालयांच्या वाढीबरोबर हा शब्द वस्तूंच्या जतनाशी निगडित झाला, आणि मराठीतील ‘अभिरक्षक’ ही संज्ञा त्याच टप्प्यावरील अर्थ दर्शविते. परंतु ज्याच्यापाशी रक्षण करण्याजोगा संग्रहच नाही, त्यास अभिरक्षक कसे म्हणावे ? हा प्रश्न केवळ परिभाषेचा नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडलेल्या एका ऐतिहासिक स्थित्यंतराचा तो निदर्शक आहे.

या स्थित्यंतराचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे स्वित्झर्लंडमधील हाराल्ड झेमान (१९३३–२००५) यांचे कार्य होय. बर्न येथे जन्मलेले झेमान प्रारंभी रंगभूमीकडे वळले होते व एकपात्री नाट्यप्रयोगही करीत असत. १९६१ साली ते बर्नच्या कुन्स्टहालेचे संचालक झाले. ‘कुन्स्टहाले’ ही जर्मनभाषी प्रदेशातील एक विशिष्ट संस्था असून तिच्यापाशी स्वतःचा कायमचा संग्रह नसतो. बदलती प्रदर्शने भरविणे हेच तिचे काम. त्यामुळे तिच्या संचालकास रक्षकाची भूमिका मुळातच अप्राप्त होती. मनोरुग्णांची चित्रे (१९६३), धार्मिक नवसाच्या वस्तू, विज्ञानकथा असे विषयही झेमान यांनी याच वास्तूत प्रदर्शनास योग्य ठरविले. १९६८ साली संस्थेच्या पन्नासाव्या वर्षी क्रिस्टो यांनी ती इमारतच कापडाने गुंडाळली.

२२ मार्च १९६९ रोजी उघडलेल्या प्रदर्शनाने मात्र संचालक व संस्था यांच्यातील ताण उघड केला. वृत्तीच जेव्हा रूप धारण करतात, अशा आशयाचे त्याचे शीर्षक होते. एकोणसत्तर कलावंतांचा त्यात समावेश होता, आणि खर्चाचा मोठा भाग फिलिप मॉरिस या तंबाखूच्या कंपनीने उचलला होता. रिचर्ड सेरा यांनी वितळलेले शिसे भिंतीच्या पायथ्याशी उडविले. योझेफ बॉइस यांनी भिंतींच्या कडांना चरबी लावली. लॉरेन्स वाइनर यांनी भिंतीवरील गिलाव्याचा एक चौकोन खरवडून काढला. मायकेल हायझर यांनी इमारतीसमोरील फरसबंदी लोखंडी गोळ्याने फोडविली. दानिएल ब्यूरेन यांना निमंत्रण नव्हते. त्यांनी शहरातील जाहिरातींवर आपले पट्ट्यांचे कागद चिकटविले, आणि त्याबद्दल त्यांना अटक झाली. शहरात मोठा क्षोभ झाला आणि निषेधादाखल कुन्स्टहालेसमोर शेणखत टाकण्यात आले.

तथापि, झेमान यांच्या राजीनाम्याचे कारण केवळ लोकक्षोभ नव्हे. कुन्स्टहालेच्या नियामक मंडळात स्थानिक कलावंतांचे प्राबल्य होते, आणि बॉइस यांच्या नियोजित प्रदर्शनास मंडळाने नकार दिला. कोणाची कलाकृती दाखवावी याचा अंतिम निर्णय संस्थेचा की प्रदर्शन रचणाऱ्याचा, हा खरा वाद होता. झेमान यांनी त्याच वर्षी पद सोडले आणि स्वतःच्या एकट्याच्या बळावर एक ‘एजन्सी’ स्थापन केली.

या एजन्सीचे नाव भाषिक दृष्ट्या विशेष विचारार्ह आहे : ‘आगेन्तूर फ्यूर गाइस्टिगे गास्टआर्बाइट’. त्यातील ‘गाइस्टिग’ या विशेषणात बौद्धिक, मानसिक आणि आत्मिक अशा तिन्ही छटा आहेत. कोणत्याही एका मराठी शब्दाने त्या साकल्याने व्यक्त होत नाहीत. ‘गास्टआर्बाइटर’, म्हणजे पाहुणा मजूर, हा शब्द त्या काळी इटली, स्पेन आदी देशांतून आलेल्या श्रमिकांना लावला जाई. हे श्रमिक रस्ते व धरणे बांधीत, परंतु त्यांना त्या देशात कायमचे स्थान नसे. परकीयांची संख्या मर्यादित करण्याचा श्वार्त्सेनबाख यांचा प्रस्ताव ७ जून १९७० रोजी सार्वमतास टाकण्यात आला व सुमारे ५४ टक्के मतांनी फेटाळला गेला. स्त्रियांना त्या वेळी संघराज्याच्या मतदानाचा अधिकारही नव्हता. अशा वातावरणात हंगेरियन वंशाच्या कुटुंबात जन्मलेल्या एका बुद्धिजीवीने स्वतःस ‘पाहुणा मजूर’ म्हणविणे यात राजकीय भाष्य होते, तसेच आपल्या नव्या आर्थिक स्थितीचे अचूक वर्णनही होते. संस्था बोलावील तेथे जावे, ठरलेले काम करावे आणि काम संपताच निघावे, हा त्याचा अर्थ. मूळ कल्पनेपासून भिंतीतील खिळ्यापर्यंत सर्व काम एकाच व्यक्तीने पार पाडावे, असे या एजन्सीचे ब्रीद होते. ‘कुराटोर’ या पदवीपेक्षा ‘आउसश्टेलुंग्समाखर’, म्हणजे प्रदर्शन घडविणारा, हे साधे कारागिरी नाव झेमान यांना अधिक प्रिय होते.

याच सुमारास अन्यत्रही समांतर प्रयत्न चालू होते. न्यूयॉर्कमध्ये सेथ सीगेलॉब यांनी जानेवारी १९६९ मध्ये भाड्याच्या कार्यालयात असे प्रदर्शन भरविले की ज्यात सूची हेच मुख्य प्रदर्शन होते. १९७१ साली वकील रॉबर्ट प्रोजान्स्की यांच्या साहाय्याने त्यांनी एक करारनामा प्रसिद्ध केला, ज्यानुसार कलाकृतीच्या पुनर्विक्रीत वाढलेल्या किमतीचे पंधरा टक्के कलावंतास मिळावेत. लूसी लिपार्ड यांनी १९६९ साली सिअ‍ॅटल येथील प्रदर्शनास त्या शहराच्या लोकसंख्येचा आकडाच शीर्षक म्हणून दिला. तिघांच्याही मार्गांत साम्य एवढेच, की प्रदर्शन ही एक स्वतंत्र बौद्धिक कृती आहे, ही भूमिका त्यांनी व्यवहारात आणली.

या भूमिकेची खरी कसोटी १९७२ साली जर्मनीतील कासेल येथे लागली. ‘डॉक्युमेंटा’ या पंचवार्षिक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रदर्शनमालिकेची रचना पूर्वी समित्या करीत; पाचव्या प्रदर्शनाची सूत्रे मात्र झेमान या एका व्यक्तीकडे देण्यात आली. ३० जून ते ८ ऑक्टोबर या काळात दोन लाखांहून अधिक प्रेक्षकांनी ते पाहिले. तेथे वास्तवदर्शी चित्रे, जाहिराती, राजकीय प्रचारसाहित्य व मनोरुग्णांची चित्रे शेजारी शेजारी मांडली होती. बॉइस यांनी शंभर दिवस ‘प्रत्यक्ष लोकशाही’चे कार्यालय चालविले. परंतु ज्या कलावंतांच्या स्वातंत्र्यासाठी झेमान यांनी बर्न सोडले, त्यांच्यापैकीच काहींनी आता त्यांच्याविरुद्ध आवाज उठविला. आपल्या कृती कोणत्या विभागात व कोणत्या शीर्षकाखाली मांडाव्यात हे ठरविण्याचा अधिकार कलावंतांचाच आहे, अशा आशयाच्या पत्रकावर जड, लेविट, हाके, सेरा, स्मिथसन आदींनी सह्या केल्या. ब्यूरेन यांनी सूचीतच असे प्रतिपादन केले की प्रदर्शन हे आता कलाकृतींचे राहिले नसून प्रदर्शनच स्वतःस कलाकृती म्हणून मांडीत आहे. हा आक्षेप आजही निरुत्तर आहे असे म्हणावे लागेल. कारण संस्थेच्या अधिकारास आव्हान देणारा मनुष्य स्वतःच एक अधिकारपीठ बनू शकतो, हे कासेलने दाखवून दिले.

दुसरी गोष्ट द्रव्याची. प्रदर्शनास तूट आली, तेव्हा तिची जबाबदारी झेमान यांच्यावर व्यक्तिशः टाकण्याचा प्रयत्न झाला. पगारी संचालकाच्या पाठीशी संस्था उभी असते. पाहुण्या मजुराच्या पाठीशी कोणी नसते. स्वातंत्र्याचे हे मूल्य लक्षात घेतले म्हणजे १९७४ सालच्या पुढील कृतीचा अर्थ नीट कळतो. त्या वर्षी त्यांनी बर्नमधील एका साध्या सदनिकेत आपले आजोबा, व्यवसायाने केशरचनाकार असलेले एत्येन झेमान, यांच्या वस्तूंचे प्रदर्शन मांडले : केस कुरळे करण्याची यंत्रे, टोप, फर्निचर, कौटुंबिक कागदपत्रे. शेकडो कलावंतांच्या महाप्रदर्शनानंतरचे हे एका न्हाव्याचे प्रदर्शन माघार नव्हे. पैसा व संस्था दोन्ही नसताना रचनेची कृती कितपत टिकते, याचा तो प्रयोग होता. यानंतर ‘ब्रह्मचारी यंत्रे’ (१९७५) आणि आस्कोनाजवळील मोंटे वेरिता टेकडीवरील वसाहतींचा इतिहास (१९७८) ही प्रदर्शने झाली. १९८१ पासून झ्यूरिखच्या कुन्स्टहाउसशी त्यांचा संबंध आला, तोही स्वतंत्र सहकारी म्हणूनच. व्हेनिस बिएनालेची १९९९ व २००१ सालची प्रदर्शने त्यांच्याच दिग्दर्शनाखाली झाली.

झेमान यांनी माज्जा या गावातील एका जुन्या कारखान्यात आपली पत्रे, पुस्तके व कागद साठविले होते. २०११ साली हा सारा संग्रह लॉस एंजेलिसच्या गेटी संशोधन संस्थेने घेतला. संग्रहाविना काम करणाऱ्याचे जीवनकार्य अखेर एका संग्रहाच्या स्वाधीन झाले आणि आता त्याचे रक्षण अभिरक्षक करीत आहेत, हा योग विसंगत वाटला तरी अनपेक्षित नाही. स्वतंत्र प्रदर्शनकार संस्थेपासून मुक्त नसतो. संस्थेशी असलेले त्याचे नाते केवळ कायमचे न राहता कराराचे व मुदतीचे होते. या नात्यात निवडीचे स्वातंत्र्य मिळते, पण जोखीम एकट्याने सोसावी लागते. आणि ज्या कलावंतांच्या वतीने ही जोखीम घ्यावयाची, त्यांच्याशीच अधिकाराचा वाद उपस्थित होतो.

मराठीत या व्यवसायास ‘अभिरक्षक’ म्हणणे म्हणजे अर्थाच्या एका जुन्या थरावर थांबणे होय. ‘नाटककार’, ‘पत्रकार’ यांच्या धर्तीवरील ‘प्रदर्शनकार’ हा शब्द ‘आउसश्टेलुंग्समाखर’ या पदाच्या अधिक निकट जातो, कारण त्यात मालकी नाही, राखण नाही, करणे आहे. मात्र तो स्वीकारताना मूळ ‘कूरारे’ धातूतील काळजी गमावली जाऊ नये, हेही तितकेच अगत्याचे आहे. कासेल येथील कलावंतांची तक्रार शेवटी तीच होती : घडविणारा पुष्कळ होता, काळजी वाहणारा त्या मानाने कमी.