चेकबॉक्समधील खूण आणि चलाची किंमत

नागपुरी संत्र्याचे बहार दोन. आंबियाची फळे साधारणतः नोव्हेंबर-डिसेंबरात कळमना बाजारात येतात, मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये. एकाच बागायतदाराच्या निरनिराळ्या बागांत दोन्ही बहार असू शकतात. त्यामुळे त्यांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅमच्या खिडकीत ‘आंबिया’ आणि ‘मृग’ असे दोन स्वतंत्र चेकबॉक्स लागतात. दोहोंपैकी एकच निवडू देणारे रेडिओ बटण येथे कुचकामी ठरते. खूण उमटली म्हणजे नोंद झाली, असा वापरणाऱ्याचा समज असतो. प्रत्यक्षात खूण पडद्यावर असते; प्रोग्रॅम वाचतो ती चलाची, म्हणजे व्हेरिएबलची किंमत. (ही किंमत शाळेतील बीजगणिताची, बाजारातील नव्हे.)

खूण आणि चल यांची सांगड ‘टीके’ या संचाने घातली. अमेरिकेतील बर्कले विद्यापीठात जॉन औस्टरहाऊट यांनी १९८८ मध्ये ‘टीसीएल’ ही स्क्रिप्टिंग भाषा आणि पाठोपाठ खिडक्या-बटणांचा टीके संच निर्माण केला. टीसीएलमध्ये चेकबॉक्सला चलाचे नाव सांगितले की पुरते. खूण केली की किंमत १, काढली की ०. उलट प्रोग्रॅमने किंमत बदलली, तर खूणही बदलते. पायथन भाषेने हा संच ‘टीकेइंटर’ या रूपाने स्वीकारला. परंतु पायथनच्या साध्या चलावर टीकेला लक्ष ठेवता येत नाही. म्हणून ‘इंटव्हार’, ‘बूलियनव्हार’ असे विशेष चल तयार करून चेकबॉक्सला द्यावे लागते. त्याची किंमत ‘गेट’ने वाचायची, ‘सेट’ने बदलायची.

हे ‘गेट’च नवशिके विसरतात. मग अटीत किंमत तपासली जात नाही. चल ही वस्तू अस्तित्वात आहे, एवढ्यावरच पायथन होकार देतो. परिणामी एकही खूण न केलेला बागायतदार दोन्ही बहारांत नोंदला जातो. दोन चेकबॉक्सना एकच चल दिले, तर एकावर क्लिक करताच दोन्हींत खूण उमटते. ही चूक निदान डोळ्यांना दिसते.

सर्वांत फसवी चूक दुसऱ्या खिडकीची. ती उघडण्यासाठी मुख्य खिडकीचीच आज्ञा पुन्हा दिली, तर टीसीएलचा दुसरा, स्वतंत्र इंटरप्रिटर सुरू होतो. चल कोणत्या खिडकीचे, हे सांगितले नसल्यास ते पहिल्याकडेच राहते. खूण उमटते, पुसली जाते, किंमत मात्र शून्यच. आणि त्रुटीचा एकही संदेश येत नाही. दुसऱ्या खिडकीसाठी ‘टॉपलेव्हल’ वापरणे हाच त्यावरील सरळ उपाय आहे.

चल जपूनही ठेवावे लागते. फंक्शनच्या आत तयार केलेल्या चलाचा संदर्भ अन्यत्र राखला नाही, तर फंक्शन संपताच पायथन ते नष्ट करतो. ‘टीटीके’ या नव्या संचातील चेकबॉक्स अशा वेळी खूण असलेला नाही नि रिकामाही नाही, अशा तिसऱ्याच अवस्थेत दिसतो. तसे दिसल्यास प्रथम चल शोधावे.