डॅनिश भाषेतील शौचालय व स्नानगृहवाचक शब्द

डॅनिश भाषेत शौचालयासाठी अनेक शब्द आहेत. त्यांपैकी 'टोआलेट' व 'वेसे' हे शिष्टसंमत, तर 'लोकुम' व 'दास' हे अनौपचारिक आणि काहीसे ग्राम्य मानले जातात. स्नानगृहाला 'बादेवेरेल्से' म्हणतात. शौचालयवाचक हे चारही शब्द परभाषांतून आलेले असून त्यांपैकी एकाचाही मूळ अर्थ शौचक्रियेशी थेट संबंधित नाही. संकोचापोटी स्वीकारलेला सौम्य शब्द वापराने उघडा पडतो व त्याच्या जागी दुसरा सौम्य शब्द येतो, या भाषिक प्रक्रियेचे हे शब्द चांगले उदाहरण आहेत. (या लेखात डॅनिश शब्द मुख्यतः त्यांच्या लेखनानुसार देवनागरीत दिले आहेत, प्रत्यक्ष उच्चार काहीसा निराळा असू शकतो.)

व्याकरण

डॅनिशमध्ये सामान्यलिंग आणि नपुंसकलिंग अशी दोन व्याकरणिक लिंगे आहेत. वरील सर्व शब्द नपुंसकलिंगी आहेत. विशिष्ट वस्तूचा निर्देश करणारा प्रत्यय शब्दाच्या शेवटी लागतो. त्यामुळे 'एट टोआलेट' म्हणजे कोणतेही एक शौचालय, तर 'टोआलेटेट' म्हणजे ठरावीक शौचालय.

शौचालयवाचक शब्द

टोआलेट : आजचा सर्वाधिक रूढ शब्द. खोली आणि तिच्यातील भांडे या दोहोंसाठी तो वापरतात. त्याचे मूळ फ्रेंच आहे. फ्रेंचमध्ये 'त्वाल' म्हणजे कापड आणि 'त्वालेत' म्हणजे लहान कापड. शृंगारमेजावर अंथरण्याच्या कापडावरून हा शब्द क्रमाने साजशृंगार, तो करण्याची खोली व अखेर शौचालय अशा अर्थांपर्यंत पोहोचला. जुना अर्थ डॅनिशमध्ये पूर्णपणे लोपलेला नाही. 'टोआलेटे' हा वेगळा शब्द स्त्रियांच्या समारंभी पोशाखासाठी वापरला जातो.

वेसे : इंग्रजीतील 'वॉटर क्लोजेट' या संज्ञेची आद्याक्षरे. इंग्रजी 'डब्ल्यू' या अक्षराचा उच्चार येथे 'वे' असा होतो. डॅनिश वर्णक्रमात १९८० पर्यंत हे अक्षर 'व्ही'चेच रूप मानले जात असे.

लोकुम : लॅटिनमधील 'लोकुस', म्हणजे 'जागा', या शब्दावरून आलेला. नाव न घेता केवळ 'ती जागा' असे सुचवणारा हा शब्द एके काळी सभ्य होता. अंगणातील लाकडी संडासाशी त्याचा दीर्घकाळ संबंध राहिल्याने आज तो राकट वाटतो.

दास : जर्मन भाषेतील 'दास हॉइसशेन' ('छोटे घर') या शब्दसमूहाचे संक्षिप्त रूप. यातील 'दास' हे जर्मन भाषेतील केवळ उपपद आहे. म्हणजे 'घर' हा अर्थवाही शब्द गळून पडला आणि निव्वळ उपपदच नाम म्हणून उरले.

यांशिवाय सैनिकी छावण्यांच्या संदर्भात 'लाट्रिन' आणि पुरुषांच्या मूत्रीसाठी 'पिस्सोआर' हे शब्द आढळतात. फ्रेंचमधून आलेला 'रेटिराडे' हा शब्द आता कालबाह्य झाला आहे. साखळी ओढून पाणी सोडण्याच्या संडासाला बोलीत 'ट्रेक ओ स्लिप', म्हणजे 'ओढा आणि सोडा', असेही म्हणत.

सामाजिक पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकात कोपनहेगनमधील बहुतेक घरांचे संडास मागील अंगणात असत. तेथील मैला रात्री वाहून नेला जाई. या कामाला 'नातरेनोवाशोन', म्हणजे रात्रीची सफाई, असे नाव होते. १८५३ मध्ये पटकीच्या साथीत शहरातील ४,७०० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. त्यानंतर पाणीपुरवठा व सांडपाण्याच्या व्यवस्थेत सुधारणा झाल्या, तरी पाण्याचा संडास घरोघरी पोहोचण्यास अनेक दशके लागली. नवी सोय घरात आली तेव्हा तिच्यासाठी 'वेसे' व 'टोआलेट' हे नवे शब्द रूढ झाले. जुने शब्द अंगणातील दुर्गंधीशी जोडलेलेच राहिले.

स्नानगृह

'बादेवेरेल्से' हा 'बादे' (स्नान करणे) आणि 'वेरेल्से' (खोली) यांचा समास आहे. शौचालयवाचक शब्दांप्रमाणे त्यात काही झाकलेले नाही. तो जे सांगायचे ते सरळ सांगतो. जुन्या शहरी इमारतींत अनेक बिऱ्हाडांना शौचालय असले तरी स्नानाची खोली नसे, आणि रहिवासी 'बादेआन्स्टाल्ट' या सार्वजनिक स्नानगृहात जात. आधुनिक घरांत शौचालय बहुधा स्नानगृहातच असते. तरीही 'बादेवेरेल्से' हा शब्द शौचालयाचा सौम्य पर्याय म्हणून वापरण्याची अमेरिकन इंग्रजीसारखी प्रथा डॅनिशमध्ये रुजलेली नाही. संबंधित शब्दांत 'बादेकार' (स्नानाचे टब), 'ब्रुसेर' (शॉवर) आणि 'होंडवास्क' (हात धुण्याचे बेसिन) यांचा समावेश होतो.

सौम्योक्ती व वाक्प्रचार

पाहुण्याने यजमानाला शौचालयाबद्दल थेट विचारणे डॅनिश समाजात असभ्य समजले जात नाही. 'मो याय लोने टोआलेटेट?' हा नेहमीचा प्रश्न आहे. त्याचा शब्दशः अर्थ 'मी शौचालय उसने घेऊ का?' असा होतो. अधिक आडवळणाने बोलायचे असल्यास 'एका विशिष्ट ठिकाणी जाणे' किंवा 'निसर्गाच्या वतीने बाजूला होणे' अशा अर्थाचे प्रयोग करतात.

सभ्य बोलण्यातून मागे पडलेला 'लोकुम' वाक्प्रचारांत मात्र टिकून आहे. 'लोकुमला आग लागणे' म्हणजे परिस्थिती हाताबाहेर जाणे, तर 'लोकुम्सआफ्ताले' म्हणजे पडद्याआड केलेला गुप्त समझोता.

सार्वजनिक पाट्या

सार्वजनिक शौचालयांवर 'दामेर' (स्त्रिया) व 'हेरेर' (पुरुष) असे लिहिलेले असते. दाराच्या कडीवर 'लेडिग' दिसल्यास आत कोणी नाही, तर 'ओप्टायेट' दिसल्यास आत कोणी आहे असे समजावे.

शेजारील भाषा

स्वीडिश व नॉर्वेजियन भाषांनीही हाच फ्रेंच शब्द स्वीकारला. परंतु तेथे त्याचे लेखन उच्चाराप्रमाणे बदलले. डॅनिशमध्ये उच्चार 'टोआलेट' असा होत असला, तरी लेखनात फ्रेंच वळण कायम आहे. 'दास'ची भावंडे या दोन्ही भाषांत आढळतात आणि तेथेही त्यांचा वापर अनौपचारिक बोलण्यापुरताच मर्यादित आहे.