नवरा किंवा बायको परदेशी नागरिक असेल तर टुरिस्ट व्हिसा कसा मिळवायचा?

आपल्या समाजात, विशेषतः रत्नागिरी आणि रायगडच्या कोकणी मुस्लिम घरांत, परदेशातले स्थळ ही नवी गोष्ट नाही. खेड, महाड, श्रीवर्धनकडची मुलगी आणि लंडनमध्ये वाढलेला मुलगा, अशी लग्ने कितीतरी वर्षे होत आली आहेत. निकाह होतो, दावत होते, मुलगा परत जातो आणि मुलगी व्हिसाची वाट बघत माहेरी राहते. ब्रिटनपुरते बोलायचे तर ११ एप्रिल २०२४ पासून जोडीदाराला कायम राहायला बोलवण्यासाठी साधारणपणे वर्षाला किमान २९ हजार पौंड उत्पन्न दाखवावे लागते. तेवढा पगार होईपर्यंत वर्ष-दोन वर्षे सहज जातात. मग घरात विषय निघतो: "तोवर टुरिस्ट व्हिसावर महिनाभर जाऊन आली तर?"

जाता येते. त्यात बेकायदा काही नाही. पण "नवरा तिथलाच नागरिक आहे, म्हणजे व्हिसा लगेच मिळेल" हा समज मनातून काढून टाका. बहुतेक देशांत टुरिस्ट व्हिसासाठी असे नाते अडचणीचे ठरते. ते का आणि त्यावर काय करायचे, हे आम्ही इथे देश-देश वेगळे करून सांगत आहोत.

अधिकाऱ्याच्या मनात काय असते?

टुरिस्ट व्हिसा म्हणजे परत येण्याच्या वचनावर मिळालेली परवानगी. अर्ज बघणाऱ्या अधिकाऱ्यापुढे एकच प्रश्न असतो: ही व्यक्ती ठरलेल्या तारखेला परत जाईल का? ज्याचे सगळे कुटुंब इथे आहे त्याच्याबद्दल हा प्रश्न सोपा असतो. ज्याचा जोडीदारच तिथे राहतो, त्याला तिथे थांबण्याचे मोठे कारण आहे, असे अधिकारी धरून चालतो. त्यामुळे अशा अर्जदाराला परत येण्याची कारणे इतरांपेक्षा जास्त ठळकपणे दाखवावी लागतात. एवढे समजले की अर्ज कसा भरायचा ते आपोआप कळते.

लग्न लपवू नका

इथेच सगळ्यात मोठा घोळ होतो. काही एजंट सल्ला देतात, "अविवाहित लिहा, नवऱ्याचे नाव घालू नका, मामाकडे फिरायला जातेय म्हणून सांगा." हा सल्ला घरदार बुडवणारा आहे. ब्रिटन आणि अमेरिका, दोन्ही अर्जांत वैवाहिक स्थिती आणि त्या देशात राहणारे नातेवाईक स्पष्ट विचारलेले असतात. आज "अविवाहित" लिहिले आणि उद्या जोडीदाराच्या व्हिसासाठी निकाहाची तारीख घातलेला दाखला जोडला, की जुना अर्ज आणि नवा अर्ज समोरासमोर येतात. दोन्ही त्यांच्याच नोंदीत असतात.

परिणाम काय? ब्रिटनमध्ये अर्जात फसवणूक केल्याचे ठरले तर पुढची १० वर्षे व्हिसा नाकारला जाऊ शकतो. अमेरिकेत खोटी माहिती देऊन व्हिसा मागितल्याचा ठपका बसला तर प्रवेशबंदी कायमची असते. विशेष सवलत मंजूर झाली तरच तीतून सुटका होते. एका महिन्याच्या भेटीसाठी सगळा संसार पणाला लावण्यात काय अर्थ आहे? फॉर्म एजंटने भरला तरी जबाबदारी अर्जदाराचीच असते. म्हणून फॉर्म पाठवण्याआधी एकेक उत्तर स्वतः वाचा. इंग्रजी येत नसेल तर घरातल्या शिकलेल्या मुलाला बसवून वाचून घ्या.

परत येण्याची कारणे कशी दाखवायची?

नोकरी असेल तर रजा मंजूर केल्याचे पत्र, पगाराच्या स्लिपा, आयकर विवरणपत्र. धंदा असेल तर त्याची नोंदणी आणि बँकेचे व्यवहार. जमीन नावावर असेल तर सातबारा, घर असेल तर घरपट्टीची पावती. शिकत असाल तर कॉलेजचे पत्र आणि पुढच्या परीक्षेचे वेळापत्रक.

पण आपल्या कितीतरी मुलींच्या नावावर जमीन नसते, नोकरीही नसते. त्यांनी काय करायचे? जे खरे आहे ते मुद्देसूद लिहायचे. भेटीचे कारण नेमके असू द्या: नणंदेचे लग्न, ईद, नवऱ्याचे ऑपरेशन. तारखा मोजक्या ठेवा. तीन आठवड्यांची भेट पटते, सहा महिन्यांची पटत नाही. आजारी आई-वडिलांची देखभाल करत असाल, मूल इथल्या शाळेत असेल, तर त्याचे कागद जोडा. आधी उमराहला, दुबईला किंवा इतर कुठे जाऊन वेळेत परत आला असाल तर ते शिक्के दाखवा. वेळेत परतल्याचा तो चांगला पुरावा आहे.

पुढे जोडीदाराच्या व्हिसावर जायचे ठरले असेल तर तेही लपवू नका. पत्रात सरळ लिहा: "माझे पती ब्रिटिश नागरिक आहेत. आमचा निकाह अमुक तारखेला झाला. कायम राहण्यासाठीचा अर्ज आम्ही उत्पन्नाची अट पूर्ण झाल्यावर भारतातूनच करणार आहोत. टुरिस्ट व्हिसावर जास्त राहिले तर तो अर्ज अडचणीत येईल, याची मला जाणीव आहे." यात अधिकाऱ्याच्या मनातल्या शंकेला तुम्हीच उत्तर दिलेले असते.

पैशाबाबत एक काळजी घ्या. अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात एकदम दोन-तीन लाख भरले तर शंका वाढते. खर्च नवरा करणार असेल तर तसे सांगा आणि त्याच्या पगाराच्या स्लिपा, सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंट, घराचा करार आणि सहीचे पत्र जोडा.

लग्नाचा कोणता कागद चालतो?

केवळ निकाहनाम्यावर अवलंबून राहू नका. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा १९९८ चा कायदा सर्व धर्मांच्या लग्नांना लागू आहे. महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीत नोंद करून नमुना ई मधला दाखला घ्या. निकाहनामा उर्दूत असेल तर त्याचे इंग्रजी भाषांतर लागते. ब्रिटनसाठीच्या भाषांतरावर ते अचूक असल्याचे विधान, तारीख, भाषांतरकाराचे पूर्ण नाव, सही आणि संपर्काची माहिती हवी.

नावे जुळवून घ्या. पासपोर्टवर माहेरचे आडनाव, दाखल्यावर सासरचे आणि नवऱ्याच्या कागदांवर तिसरेच स्पेलिंग, असे आपल्याकडे नेहमी होते. अर्जाआधी दुरुस्त करता येत असेल तर करा. वेळ नसेल तर ही एकच व्यक्ती आहे, असे प्रतिज्ञापत्र जोडा.

ब्रिटन: निर्णय कागदावर

ब्रिटनच्या भेट व्हिसासाठी बहुतेक वेळा मुलाखत होत नाही. केंद्रावर बोटांचे ठसे आणि फोटो देतात, निर्णय कागदांवरून होतो. म्हणून इथे पत्राला महत्त्व आहे. प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी अर्ज करता येतो आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. एका भेटीत सहसा सहा महिन्यांपर्यंत राहता येते. २९ हजार पौंडांची अट या व्हिसाला लागू नाही. भेटीचा खर्च भागतो एवढे दाखवले की पुरे.

तीन गोष्टी या व्हिसावर करता येत नाहीत. एक, तिथे राहून जोडीदाराच्या व्हिसात बदल करता येत नाही. त्यासाठी परत यावे लागते. दोन, पुन्हा पुन्हा जाऊन तिथेच वस्ती केल्यासारखे राहता येत नाही. तीन, लग्न करता येत नाही. फक्त मंगनी झाली असेल आणि लग्न ब्रिटनमध्ये करून परत यायचे असेल तर त्याचा वेगळा व्हिसा असतो. "साध्या व्हिसावर जाऊ आणि तिकडेच उरकू" असे कुणी म्हटले तर ऐकू नका.

अमेरिका: निर्णय खिडकीवर

अमेरिकेत उलट आहे. मुलाखत दोन-तीन मिनिटांची असते आणि फाईल उघडलीही जात नाही. त्यांच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम २१४ (बी) नुसार प्रत्येक अर्जदार तिथे स्थायिक व्हायलाच येतोय असे आधी गृहीत धरले जाते. तसे नाही हे अर्जदाराने पटवायचे असते. नवरा अमेरिकन नागरिक असेल तर हे काम अवघड आहे, हे आधीच समजून घ्या.

नवऱ्याने तुमच्यासाठी आय-१३० हा अर्ज भरलेला असेल तर डीएस-१६० फॉर्ममध्ये त्याबद्दलच्या प्रश्नाला "हो" असेच उत्तर द्यावे लागते. तो अर्ज प्रलंबित असताना टुरिस्ट व्हिसा मिळणे अशक्य नाही, पण नकाराची तयारी ठेवा. व्हिसा मिळाला तरी आत जाऊन ९० दिवसांच्या आत ग्रीन कार्डसाठी अर्ज केला, तर तुम्ही व्हिसा घेताना हेतू लपवला असे गृहीत धरले जाऊ शकते. कायम राहायचे असेल तर जोडीदाराच्या इमिग्रंट व्हिसाचा रस्ता धरा. वेळ लागतो, पण तो सरळ आहे.

युरोप: इथे मात्र नाते कामी येते

युरोपियन युनियनचा २००४ चा मुक्त संचाराचा निर्देश आहे. त्यानुसार युरोपियन नागरिकाचा जोडीदार, त्या नागरिकासोबत किंवा त्याला भेटायला, त्याच्या स्वतःच्या देशाखेरीज दुसऱ्या सदस्य देशात जात असेल तर व्हिसा विनाशुल्क आणि लवकर द्यावा लागतो. नोकरीचा पुरावा, बँक स्टेटमेंट, हॉटेल बुकिंग, विमा यांपैकी काही मागता येत नाही. पासपोर्ट, लग्नाचा दाखला, जोडीदाराचा पासपोर्ट आणि दोघे सोबत आहात याचा पुरावा एवढेच लागते. शेंगेन फॉर्ममध्ये ज्या रकान्यांवर तारांकन आहे ते अशा अर्जदारांनी भरायचे नसतात.

गोवा, दमण आणि दीवच्या अनेक कुटुंबांत पोर्तुगीज पासपोर्ट आहेत. समजा नवरा पोर्तुगीज नागरिक आहे आणि बायकोकडे भारतीय पासपोर्ट आहे. दोघे स्पेन किंवा फ्रान्सला निघाले तर वरचा नियम लागू होतो. दोघे पोर्तुगाललाच निघाले तर सहसा लागू होत नाही, कारण तो नवऱ्याचा स्वतःचा देश आहे. मग सगळ्यांसारखा अर्ज करावा लागतो: ११ जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो शुल्क, किमान ३० हजार युरोचा प्रवास विमा आणि बाकीचे कागद.

लक्षात ठेवा, ब्रिटन आता युनियनमध्ये नाही. ब्रिटिश नवऱ्याच्या नात्यावर ही सवलत मिळत नाही. आयर्लंड मात्र युनियनमध्ये आहे, त्यामुळे आयरिश नागरिकाच्या बायकोला स्पेनसाठी ती मिळते.

जोडीदाराला भारतात यायचे असेल तर

जोडीदार मूळचा आपल्याकडचा असेल आणि त्याच्याकडे ओसीआय कार्ड असेल तर व्हिसा लागतच नाही. नसेल तर बऱ्याच देशांच्या नागरिकांना ई-टुरिस्ट व्हिसा ऑनलाइन मिळतो. तो ३० दिवसांचा, एक वर्षाचा किंवा पाच वर्षांचा असतो. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करा, तशाच दिसणाऱ्या खासगी साइटवर जादा पैसे जातात. इथे जास्त काळ राहायचे असेल तर भारतीय नागरिकाच्या जोडीदारासाठी वेगळा एंट्री व्हिसा आहे. लग्नाची नोंदणी होऊन सलग दोन वर्षे झाली की जोडीदाराच्या नात्याने ओसीआयसाठी अर्ज करता येतो.

ब्रिटनमधल्या स्थळांत एक गोष्ट आधीच विचारून घ्या. जोडीदाराचे आई-वडील किंवा आजी-आजोबा पाकिस्तानचे नागरिक असतील तर पासपोर्ट ब्रिटिश असला तरी ई-व्हिसा आणि ओसीआय मिळत नाही. नेहमीचा व्हिसा कागदावर मागावा लागतो आणि त्याला बराच वेळ लागतो. लग्नाची तारीख ठरवताना हे धरून चला.

नकार आला तर

घाबरू नका आणि दुसऱ्याच दिवशी तोच अर्ज पुन्हा टाकू नका. ब्रिटनच्या नकारपत्रात कारणे लिहिलेली असतात. भेट व्हिसाच्या नकारावर सहसा अपील नसते, पण नव्याने अर्ज करता येतो. प्रत्येक कारणाला कागदासह उत्तर द्या. अमेरिकेचा २१४ (बी) चा नकार कायमचा नसतो, तरी परिस्थिती बदलल्याशिवाय परत जाऊन उपयोग होत नाही. युरोपात कारण लेखी मिळते आणि अपील करता येते. पुढच्या कुठल्याही अर्जात "पूर्वी व्हिसा नाकारला आहे का?" असे विचारले तर "हो" लिहा.

मध्यंतरी नवऱ्याने इकडे यावे, हाही मार्ग आहेच. त्याला रजा मिळत असेल तर तो बऱ्याचदा स्वस्त पडतो. त्याच्या येण्याचे तिकीट, सोबतचे फोटो, एकमेकांना केलेले फोन यांची नोंद जपून ठेवा. पुढे जोडीदाराच्या व्हिसासाठी नाते खरे आहे हे दाखवताना हेच कागद लागतात. आणि अर्ज कुठल्याही देशाचा असो, पाठवलेल्या फॉर्मची एक प्रत घरच्या फाईलमध्ये ठेवा. पुढच्या फॉर्ममधली उत्तरे तिच्याशी जुळली पाहिजेत.