तुळाजी गेला, मग समुद्र कोणाचा?

5 ऑगस्ट 2024ला शेख हसीना ढाक्यातून पळाल्या, तेव्हा आमच्या ग्रूपवर पहिला मेसेज पडला, "गेली एकदाची, बरां झालां!" मी विचारलं, पुढे कोण? उत्तर नाही. 8 तारखेला अंतरिम सरकारचा शपथविधी होईपर्यंत तिथे सरकारच नव्हतं. मला मात्र त्या तीन दिवसांत आपला विजयदुर्ग आठवत होता.

कान्होजी आंग्रे 1729 साली वारले आणि मुलांत भाऊबंदकी पेटली. विजयदुर्ग शेवटी तुळाजीकडे आला. माणूस दर्यावर्दी, पण कोणाचं ऐकणारा नव्हे. पेशव्यांना जुमानत नव्हता, सावंत आणि कोल्हापूरकरांशी वैर, इंग्रज-डचांची जहाजं धरायचा. समुद्रावर त्याचाच हुकूम. त्याला आवरायला हवं होतं यात वाद नाही. नानासाहेब पेशव्यांनी ते केलं कसं, तिथे घोळ आहे. मार्च 1755 मध्ये त्यांनी मुंबईकर इंग्रजांशी करार केला. जमिनीवर फौज आपली, समुद्रावर आरमार त्यांचं.

फेब्रुवारी 1756 मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गासमोर आले. तुळाजी तेव्हा मराठ्यांच्या छावणीत बोलणी करायला गेला होता. तोफगोळ्याने एका जहाजाला आग लागली आणि दाटीवाटीने नांगरलेलं अख्खं आंग्र्यांचं आरमार जळालं. कान्होजींनी आयुष्यभर खपून उभी केलेली ताकद एका दिवसात खाडीत राख! मराठे आधी आत शिरू नयेत म्हणून क्लाइव्ह रात्रीच फौज घेऊन किनाऱ्यावर उतरला. किल्ल्यातली सुमारे 10 लाखांची लूट इंग्रजांनी आपसात वाटून घेतली. किल्ला सोडायलाही तयार नव्हते; ऑक्टोबरमध्ये बाणकोट आणि आसपासची गावं पदरात पडली तेव्हा कुठे हलले. (हाच क्लाइव्ह पुढच्या वर्षी प्लासीला.) तुळाजीची उरलेली हयात कैदेत गेली.

मित्र म्हणेल, "म्हणजे तुळाजीच बरो होतो?" नाही रे बाबा. त्याच्या जाचातून सुटलेले व्यापारी खरंच खूश झाले असतील. पण त्याला काढायचं ठरवताना त्याच्या जागी समुद्र कोण राखणार हे पुण्यात कोणी ठरवलं होतं? तोफा ज्यांच्या उसन्या आणल्या, तेच मोकळ्या जागेत बसले. 2011 साली गद्दाफी पडल्यावर लिबियात ज्याच्या हातात बंदूक तोच मालक झाला, तसंच थोडंसं.

पेशव्यांनी पुढे विजयदुर्गावर आरमाराचा सुभा उभा केला, हे सांगायलाच हवं. आनंदराव धुळपांनी 1783 मध्ये इंग्रजांचं 'रेंजर' जहाज पकडलंसुद्धा. पण तोवर बराच उशीर झाला होता.

कारण मधल्या काळात किनाऱ्यावर जो तो आपापल्या परीने जहाजं धरू लागला होता. ते निमित्त करून 1765 साली इंग्रज थेट मालवणात आले. सिंधुदुर्ग घेतला आणि नाव ठेवलं 'फोर्ट ऑगस्टस'. महाराजांच्या किल्ल्याला! पुढच्या वर्षी तो कोल्हापूरकरांना परत मिळाला, पण भरपाईचे पैसे कबूल करून. सावंतांचा रेडीचा किल्लाही तेव्हाच गेला होता. तो सोडवताना वेंगुर्लं गहाण पडलं.

1812 मध्ये कोल्हापूरकरांनी मालवण दिलं, सावंतांनी वेंगुर्लं. या वेळी तोफ डागावी लागली नाही, तहाच्या कागदावर काम झालं.