उत्तर कोकणातील पाऊस व विमानाचे कापडी आच्छादन

शहापूर व मुरबाड हे ठाणे जिल्ह्याचे पूर्वेकडील तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले आहेत. भातशेती आणि साग-ऐनाची अरण्ये यांचा हा प्रदेश. येथे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत साधारणतः अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. प्लास्टिकचा कागद येण्यापूर्वी लावणी करणाऱ्याच्या पाठीवर इरले असे. बांबूच्या कामट्यांची हलकी जाळी व तिच्यावर पानांचे आच्छादन अशी त्याची रचना. पाने कुजली की ती काढून नवी घालावयाची आणि त्याच वेळी मोडक्या कामट्या बदलावयाच्या, ही रीत. हलक्या विमानाची जुनी रचना तत्त्वतः याहून निराळी नव्हती. भार सांगाड्याने वाहावयाचा. आच्छादनाने हवेचा दाब झेलून तो पंखाच्या फासळ्यांकडे पोहोचवावयाचा. अशा विमानावर कोणते कापड चढवावे हा प्रश्न हौशी विमानबांधणी करणाऱ्यांपुढे आजही असतो. त्याचे उत्तर बहुधा बळकटी, वजन व किंमत या तीन कसोट्यांवर शोधले जाते. परंतु पावसाळी मुलखातील अनुभव पाहता, कापडाखाली काय चालले आहे ते केव्हा व कसे कळणार, ही चौथी कसोटी त्यांत घालणे भाग पडते.

पहिल्या महायुद्धकाळात ब्रिटिश विमानांवर मुख्यतः आयरिश लिनन बसवीत. सेल्युलोजचे संयुग विद्रावकात विरघळवून केलेल्या द्रावणाचे, म्हणजे धंद्यातील भाषेत डोपचे, थर त्यावर देत. डोप वाळताना आकसे आणि कापड डफाच्या कातड्याप्रमाणे ताठ होई. नायट्रेटचा डोप चटकन पेट घेई, म्हणून ॲसिटेटचा पुरस्कार झाला. त्यातील टेट्राक्लोरोइथेन या विद्रावकाने इंग्लंडमधील कारखान्यांत काही कामगार काविळीने दगावले. उन्हाने कापड झिजू नये यासाठी पी. सी. १० हा मातकट हिरवट-तपकिरी लेप वापरात आला, आणि उष्ण प्रदेशांसाठी तांबूस छटेचा पी. सी. १२. आच्छादनाची योजना हवामानानुसार बदलावी लागते, हे अशा रीतीने पहिल्या दशकातच मान्य झाले होते. तथापि त्या विचारात ऊन होते. ओल फारशी नव्हती.

लिननचा तुटवडा पडताच अमेरिकेने १९१७-१८ च्या सुमारास सुती कापडाकडे मोर्चा वळविला. पुढे 'ग्रेड ए' या नावाने रूढ झालेल्या सुती कापडाची नवेपणीची बळकटी इंचास ८० पौंड असावी आणि ती ५६ पौंडांखाली उतरली की कापड बाद समजावे, असा दंडक ठरला. ज्या मुंबईने गिरण्यांवर आपले वैभव उभे केले, तिच्या परिसरातील देशी कापूस मात्र आखूड धाग्याचा. विमानाच्या कापडास लांब धागा लागतो.

सुती असो वा लिनन, दोन्ही वनस्पतिजन्य. म्हणून बुरशीचे भक्ष्य. डोपचा पहिला थर बुरशीनाशक घालून द्यावा, ही शिफारस याच कारणासाठी होती. किनाऱ्यावरील कोळ्यांना ही अडचण फार पूर्वीपासून ठाऊक होती. सुताची जाळी कुजू नयेत म्हणून ते ती ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवीत, आणि ऐन तर शहापूर-मुरबाडच्या जंगलांत विपुल. योगायोगाची गोष्ट अशी की, कापड पंखाच्या फासळ्यांना शिवताना जी गाठ मारतात तिचे इंग्रजी नावही मासेमारीच्या जाळ्यावरूनच पडले आहे.

ओलीचा दुसरा उपद्रव डोप लावतानाच होतो. विद्रावक झपाट्याने उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतील बाष्प त्यावर साचते आणि थर पांढरट व ठिसूळ बनतो. कोकणातील आषाढ-श्रावणात उघड्या शेडमध्ये हे काम करणे म्हणजे श्रम व द्रव्य दोन्ही वाया घालविणे होय. खुद्द उड्डाणासही पावसाळ्याची सवलत द्यावी लागे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूस उतरले ते पस मॉथ या कापडी आच्छादनाच्या विमानातून. परंतु पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई आणि टपालसेवेचे ठाणे पुण्यास न्यावे लागे.

ओलीचे खरे उग्र रूप दुसऱ्या महायुद्धात दिसले. मॉस्किटो हे ब्रिटिश लढाऊ-बाँबफेकी विमान लाकडाचे होते. त्याच्या प्लायवुडवर जे तलम सुती कापड चिकटवीत त्याचे नाव मडापोलम. गोदावरीच्या मुखाकडील नरसापूरजवळच्या, ईस्ट इंडिया कंपनीच्या जुन्या वखारीच्या गावावरून ते पडलेले. हिंदी गावाचे नाव घेऊन विलायतेत गेलेले वस्त्र अशा रीतीने विमानावर चढून परत आले. १९४४ च्या ऑक्टोबरात हिंदुस्थानातील मॉस्किटो विमानांचे पंख हवेत मोडून अपघात झाले आणि नोव्हेंबरात त्यांची उड्डाणे थांबविण्यात आली. तपासणीत पंखांच्या मुख्य तुळईपाशी सरसाचे सांधे सदोष आढळले. हवामानाचा दोष किती व कारखान्यातील ढिलाईचा किती, याविषयी निर्माते व सरकारी अधिकारी यांचे एकमत झाले नाही. येथे महत्त्वाचे ते एवढेच की, बाहेरचे कापड व रंग शाबूत असता आतील सांधा सुटत होता, आणि बाहेरून पाहणाऱ्यास त्याची वार्ता नव्हती.

स्वातंत्र्योत्तर काळात कापडाची उपयुक्तता संपली नाही, हे डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या कार्यावरून दिसते. कोल्हापूरकडील हे अभियंते गॉटिंगेन येथे प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकले. त्यांच्या नेतृत्वाखाली बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये सिद्ध झालेले एच. टी.-२ हे शिक्षण-विमान १९५१ मध्ये उडाले. ते धातूचे होते. तरीही १९५८ मध्ये उडालेले, फ्लाइंग क्लबांसाठी योजलेले दोन आसनी 'पुष्पक' मात्र कापडाने मढविलेले होते. अशी रचना स्वस्त पडते व साध्या हत्यारांनी दुरुस्त होते; ऐपत बेताची असलेल्या क्लबांस ती सोयीची होती.

तोपर्यंत कृत्रिम धाग्याने जुन्या धाग्याची गादी डळमळीत केली होती. व्हिनफील्ड व डिकसन यांनी १९४१ मध्ये इंग्लंडात शोधलेल्या पॉलिएस्टरचे कापड विमानावर चढू लागले आणि रे स्टिट्स यांच्यासारख्या अमेरिकेतील हौशी बांधणीकारांनी त्याच्या संपूर्ण पद्धती बसविल्या. हे कापड डोपने नव्हे, इस्त्रीच्या उष्णतेने आकसते. शेवटचा हात सुमारे १७७ अंश सेल्सिअसला द्यावा लागतो. त्याहून तापविल्यास ताण उलट सैल पडतो. बुरशी त्यास खात नाही. ऊन मात्र खाते, म्हणून ॲल्युमिनियमच्या भुकटीचा रुपेरी थर अटळ ठरतो; वजन वाचविण्यासाठी त्यात काटकसर करणारे काही वर्षांत पस्तावतात.

शहापूर-मुरबाडच्या हवेत निवड करावयाची तर ती पॉलिएस्टरचीच करावी लागेल, यात संशय नाही. पण या निवडीबरोबर एक तोटा न मागता येतो. सुती आच्छादन मोकळ्यावर ठेवल्यास पाचसहा वर्षांत उतरवावे लागे. ते उतरले की सांगाडा उघडा पडे, आणि गंजलेली नळी वा कुजलेली फासळी नजरेस येई. पॉलिएस्टर वीस वर्षे सहज टिकते. त्याखालच्या पोलादी नळीचे किंवा लाकडाचे आयुष्य त्यामुळे वाढत नाही. कापडाचा नाशवंतपणा हीच जुन्या काळी तपासणीची सक्ती होती, आणि नव्या कापडाने ती काढून घेतली आहे. इरल्याची पाने वीस वर्षे टिकली असती तर कामट्यांकडे कोणी पाहिले असते काय?

मुंबईत कांदिवलीस इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव यांनी धातूचा मार्ग पत्करला. त्यांच्या विमानास २०१९ मध्ये उड्डाणाची अनुमती मिळाली. धातूच्या पत्र्याने बुरशीचा प्रश्न मिटतो. गंजाचा मिटत नाही, आणि रिव्हेटांचे कसब प्रत्येक हौशी माणसास साधतेच असेही नाही.

कापड चढवावयाचेच, तर या तालुक्यांत ते काम भातकापणीनंतरच्या कोरड्या हवेत, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करणे श्रेयस्कर. नळ्यांना आतून तेल व बाहेरून पक्का लेप द्यावा, पंखाच्या व शेपटीच्या प्रत्येक खालच्या कोपऱ्यात पाणी निथळण्याचे भोक ठेवावे, आणि सांध्यांपाशी उघडता येणाऱ्या तपासणी-खिडक्या प्रथमपासूनच बसवाव्यात. त्या दर वर्षी दसऱ्याच्या सुमारास, पाऊस ओसरला की उघडावयाच्या असतात.